मत्स्यवापरास अयोग्य

एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात सोडणं ही अत्यंत गंभीर बाब असून ती घाईने उरकू नये, याबद्दल सर्व जाणकारांचं एकमत आहे. हिरामणरावांचंही होतं. (नोकरीत बत्तीस वर्षं त्यांचं सगळ्यांशीच एकमत होतं.)

सरकारी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन ते गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहत. गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासून दाखले देणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. खात्याने दिलेल्या तपासणीच्या पेटीतली एक नळी तडकली नाही, रसायनाचा एक थेंब वाया गेला नाही. निवृत्तीच्या दिवशी पेटी सीलबंद परत आलेली पाहून भांडारपालाला गहिवरून आलं. एकूण दाखले चारशे बारा. पैकी पिण्यास योग्य, चारशे बारा.

तर नात हर्षालीच्या वाढदिवसाला घरात काचेची टाकी आली आणि दोन कॅटफिश आले. हिरामणरावांनी पिशवी फाडली आणि मासे टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी दोघंही पोट वर करून तरंगत होते. हर्षाली दोन दिवस नीट जेवली नाही. तिने आजोबांकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने एकाही चौकशी समितीने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. असा प्रसंग पुन्हा येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

दुकानदार मनोजने समजावलं की या माशाला खवले नसतात, पाण्यात खोट असली की आधी यालाच बाधते, तळाशी घाण साठली तर मिशासुद्धा झडतात. (इथे हिरामणरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला.) त्यांनी तपासणीचा किट घेतला आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच नळीत पाणी भरून त्यात थेंब टाकले. पाण्याचा रंग खरोखरच बदलतो, हे पाहून ते थक्क झाले.

पुढचे चार आठवडे टाकीत मासा नाही, नुसता फिल्टर घुरघुरतोय. रोज सकाळी सातला नमुना, सव्वासातला नोंद. अमोनिया शून्यावर आल्याखेरीज मंजुरी नाही. नळाचं पाणी थेट टाकीत घालायला सक्त मनाई. ते आधी दोन दिवस बादलीत ठेवायचं. (घरची माणसं तेच पाणी थेट नळाखाली ग्लास धरून पीत. त्यांना खवले नव्हते, पण तशी तक्रार कुणी केली नव्हती.)

अखेर एका रविवारी दोन नवे मासे आले. वीस मिनिटं बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवली, म्हणजे तापमान जुळावं. मग पिशवी उघडून दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी आत. हे चार तास चालणार होतं. हर्षाली टाकीला नाक लावून बसली होती. पंख्याचा वारा नको म्हणून पंखा बंद होता.

सहाव्या वाटीला कुसाबाई पुढे आली. ती त्यांच्याकडे धुणीभांडी करायची, पेठकडच्या डोंगरातली. महिनाभर ती या नळ्या न बोलता बघत होती. नुकतीच गावाला जाऊन आली होती आणि तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

"सायेब, आमच्या हिरीचं पाणी हाय. तेवढं बघा ना. पोरांना सारखी हागवण लागते."

हिरामणराव आता जाणकार होते. त्यांनी वाटी हर्षालीकडे सोपवली आणि उत्साहाने थेंब टाकले. अमोनियाची नळी गर्द हिरवी झाली, नायट्रेटची लालभडक.

"बाई, या पाण्यात मासा एक दिवस जगायचा नाही," ते म्हणाले.

"तेच लिहून द्या. नवी हीर मागाया गेलो का हापिसात हा कागद हातात ठेवतात."

तिने पिशवीतून कागद काढला. पिण्यास योग्य. खाली शिक्का, आणि त्यावर सही. सही वळणदार होती आणि हिरामणरावांची होती.

ती विहीर त्यांना आठवेना. जीप रस्त्यावरच थांबली होती आणि सरपंचाकडचा चहा छान होता, एवढं आठवलं. हर्षाली त्यांच्याकडे बघत होती. क्षणभर तर खरं काय ते लिहून टाकावं, असंही त्यांना वाटून गेलं. पण बत्तीस वर्षांची सवय अशा वेळी माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

"सदर पाणी तपासले असता मत्स्यवापरास अयोग्य आढळले. सबब या विहिरीत मासे सोडू नयेत. मनुष्यवापराबाबत पूर्वीचा दाखला कायम."

खाली सही केली. कुसाबाईने हर्षालीकडून तो वाचून घेतला, दोन्ही कागद एकात एक घडी करून ठेवले आणि राहिलेली भांडी घासायला गेली. हर्षालीने आजोबांना विचारलं, कुसाबाईची पोरं त्या पाण्यात जगतात का? आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि सातव्या वाटीची वेळ झाल्याचं सांगितलं.

बरोबर चार तासांनी दोन्ही मासे हलक्या हाताने वाटीत घेऊन (जाळीत त्यांचे काटे अडकतात) टाकीत सोडण्यात आले. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मासे जगले. आजही तळाशी मिशा फिरवत मजेत आहेत. हे सांगणं भाग होतं, कारण वाचकांचा जीव इतका वेळ त्या पिशवीतच अडकला होता, हे आम्ही जाणून आहोत. विहिरीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.