घुमीबाईंनी सुट्टीचे चार आठवडे सोडविले त्याची हकीकत

राजमान्य राजश्री वाचनकर्ते साहेबांचे सेवेसी, शाळेच्या किल्ल्या, पाण्याची टाकी आणि घंटा ज्याचे हवाली आहेत तो सेवक शिपाई विज्ञापना करितो ऐसीजे. ही हकीकत लिहावी ऐसी आज्ञा कोणी केली नाही, साधी विचारपूसही केली नाही, तत्रापि थोरामोठ्यांच्या मोहिमा त्यांचे पदरीच्या लोकांनी तिखटमीठ लावोन लिहिल्या आणि लहानांच्या मोहिमा कोणी लिहिल्याच नाहीत, हे मनास खुपले, सबब लेखणी हाती धरिली. सेवक सभागृहाचे दाराशी पंधरा दिवस घंटा घेवोन उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा, कारण खुर्च्या पाहुण्यांसच पुरत नाहीत, मग शिपायास कोठून, हा येथील जुना दस्तूर आहे. उभ्या शिपायासमोर लोक बेलाशक बोलतात, जणू तेथे कपाट ठेविले आहे. त्यामुळे बहुतेक मजकूर कानांनी ऐकिलेला आहे आणि उरलेला चौकशी करोन घेतला आहे.

तर उन्हाळ्याची सुट्टी लागोन आठ रोज जाहले, मुले घरोघर मोबाईल घेवोन आडवी पडली, मातापित्यांचा धीर सुटला, आणि नेमके ते समयी शाळेचे फाटकावर वक्तृत्व व वादविवाद शिबिराचे फलक लागले. शिबिराचे धनी ते शिबिरपती. शरीर बेताचे, आवाज अवाढव्य, केस मागे वळविलेले, आणि माईक असो वा नसो, उजवी मूठ सदैव हनुवटीपाशी. यांणी हातवाऱ्यांचे चौदा प्रकार काढोन त्यांस क्रमांक दिले होते. चौथा म्हणजे मूठ छातीवर, नववा म्हणजे बोट आभाळाकडे, आणि अकरावा म्हणजे दोन्ही हात पसरोन अवघी मानवजात कवेत घेणे, तो शेवटच्या वाक्यासाठी राखीव. भाषणे ते स्वतः लिहून देत, आणि कोठे थांबावे, कोठे गहिवरावे, हे कंसांत लिहीत.

पहिलेच दिवशी त्यांणी फर्माविले जे, शिबिरास येताना पाण्याची बाटली आणावी, वही आणावी आणि मत घरी ठेवोन यावे, कारण मत असले म्हणजे वक्ता अडखळतो. वादविवादात बाजू कोणती हे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातील चिठ्ठी सांगेल, आणि जी निघेल ती प्राणपणाने लढवावी. मग सकाळी मुलांनी मोबाईलने घरे बुडविली म्हणोन अश्रू ढाळिले, आणि दुपारी त्याच मुलांनी मोबाईलने घरे तारिली म्हणोन तेच अश्रू पुन्हा ढाळिले. शिबिरपती बहुत संतोष पावले आणि म्हणाले, यातील निम्मी मुले पुढे मोठी माणसे होतील. सेवकास ती भविष्यवाणी खरी वाटली, म्हणोन त्याने मनोमन देवास हात जोडिले.

या फौजेत एक मुलगी होती, वय वर्षे चौदा. घरचे लोक तिला घुमी म्हणत, कारण ती बोलत नसे. ती का बोलत नसे याचा करीना ऐसा. तिचे तीर्थरूप वकील. कोर्टात इतर वकिलांनाही बोलू द्यावे लागते, त्याची सारी कसर ते घरी भरोन काढीत. घरी कोणाचे वाक्य निम्म्यावर आले की पुढील निम्मे वकीलसाहेब स्वतः पुरे करीत आणि लगेच त्यास उत्तरही देत. मातोश्रींनी सोळा वर्षांत आपली वाक्ये छाटीत छाटीत दोन शब्दांवर आणिली होती. जेवण तयार. दूध संपलं. फोन वाजतोय. दोन शब्दांत तोडण्याजोगे काही राहत नाही, ही त्यांची मसलत. कन्येने तीही यातायात सोडिली आणि तोंडच मिटिले. मग वकीलसाहेबांस चिंता पडली जे, बोलक्या घराण्यात ही मुकी कोठून निपजली, आणि त्यांणी पंधरा दिवसांचे हे शिबिर व त्यापुढे लागोन चार आठवड्यांचे प्रगत शिबिर, ऐसा सबंध सुट्टीचा बंदोबस्त केला.

इकडे घुमीबाईंचा जीव निराळ्याच ठिकाणी अडकला होता. त्यांचे मामा सुतार. मागील सुट्टीत मामांच्या कारखान्यात घुमीबाईंनी स्वहस्ते एक स्टूल करावयास घेतले, रंधा मारिला, खाचा पाडिल्या, तीन पाय बसविले, आणि चौथा बसवावयाचा तो शाळा सुरू जाहली. ते तीन पायांचे स्टूल वर्षभर भिंतीस टेकोन उभे होते आणि मामांनी चौथ्या पायाचे लाकूड राखोन ठेविले होते. बाईंस ते चार आठवडे तेथे हवे होते, बाकी काही नको होते. त्यांणी हे वकीलसाहेबांस सांगावयाचे तीन वेळा योजिले आणि तिन्ही वेळा वाक्य तीर्थरूपांनीच पुरे केले.

अखेर मामा मध्ये पडले. तेव्हा वकीलसाहेब हसोन म्हणाले जे, ठीक, तह करू. आणि कोणतीही गोष्ट लेखी केल्याविना त्यांस पाणी गोड लागत नसे, म्हणोन त्यांणी आपल्या कचेरीच्या कागदावर लिहिले की, शिबिराचे अंतिम स्पर्धेत कन्येने प्रथम क्रमांक मिळविल्यास उर्वरित सुट्टीचा निर्णय सर्वस्वी कन्येने घ्यावा. खाली सही केली, तारीख घातली, मातोश्रींची साक्षीदार म्हणोन सही घेतली. देणाऱ्यास काही द्यावे लागणार नाही ऐसी खात्री असता हात सैल सुटतो, तैसा तो सुटला. मातोश्रींनी कागदाची घडी करोन पर्समध्ये घातली.

मग शिबिरात काय जाहले म्हणाल, तर काहीच नाही. घुमीबाईंचा हात एकाही क्रमांकास वर होईना. शिबिरपतींनी तो धरोन नवव्यापर्यंत नेला, सोडिला, तो खाली आला. पंधरा दिवसांत बाईंनी एकच प्रश्न विचारिला, तो सहावे दिवशी. "सर, खरं बोललं तर चालेल का?" शिबिरपतींनी निर्णय दिला जे, खरे असले तरी चालेल, पण हात हलला पाहिजे. सेवक दाराशी उभा होता, त्यास हसू आवरेना, म्हणोन टाकीत पाणी आहे की नाही हे पाहावयास गेला.

पंधरावा दिवस उजाडला. सभागृहात सहा पंखे, त्यांतील चार फिरते. पालक मोबाईल उंच धरोन बसले, म्हणजे मागच्यांस मुले दिसली नाहीत, मोबाईलच दिसले. परीक्षक म्हणोन एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या, लाल पेन घेवोन, चेहऱ्यावर पस्तीस वर्षांचे निबंध तपासल्याचा शीण घेवोन. प्रमुख पाहुणे वकीलसाहेब. शिबिरपतींनी त्यांची मर्जी राखावी म्हणोन वादाचा विषय देण्याचा मान त्यांसच दिला, आणि वकीलसाहेबांनी तो आदल्या रात्रीच घडवोन आणिला होता. विषय ऐसा जे, मुलांनी सुट्टी कशी घालवावी हे आईवडिलांनीच ठरवावे. शिबिरपतींनी सकाळीच दोन्ही बाजूंची भाषणे लिहून मुलांकडून घोकविली होती.

डबा फिरला. घुमीबाईंची चिठ्ठी निघाली ती अनुकूल बाजूची, म्हणजे आईवडिलांनीच ठरवावे ऐसे बाईंनी बोलावयाचे. आता पेच कैसा पडला तो ध्यानी घ्यावा. बाई हरल्या तर चार आठवडे गेलेच. आणि जिंकल्या तर, आईवडिलांनीच ठरवावे हे भर सभेत आपल्याच तोंडे सिद्ध करोन जिंकल्या, मग कोणत्या तोंडे आपला हक्क मागणार? वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले आणि त्यांणी चष्मा पुसला. मातोश्रींनी पर्स घट्ट धरिली. सेवकास तर खाली बसावेसे वाटले, आणि बसावयास काही नव्हते.

युद्धास तोंड लागले. प्रथम तुतारी म्हणोन ओळखला जाणारा मुलगा चालोन आला. त्याचा आवाज फाटकापर्यंत जात असे. त्याने छातीवर मूठ मारिली, आभाळाकडे बोट केले, आणि पाठांतराच्या वेगात, काही एक न अडखळता, "येथे कंठ दाटून यावा, दोन सेकंद" हेही मोठ्याने म्हणोन टाकिले आणि तैसाच पुढे गेला. शिबिरपतींनी डोळे मिटिले. पाठोपाठ आठ जण आले, प्रतिकूल असोत वा अनुकूल, सर्वांची सुरुवात शिबिरपतींनी लिहून दिलेल्या समुद्राच्या एकाच लाटेने जाहली आणि शेवटी आठही जणांनी मानवजात कवेत घेतली. लाल पेन वहीवर नुसते टेकोन होते. पालकांनी आपापल्या मुलापुरत्या टाळ्या वाजविल्या.

सर्वांशेवटी घुमीबाई उभ्या राहिल्या. दोन्ही हात पाठीमागे. बोलावयास आरंभ केला तो इतक्या साध्या आवाजात की पालकांनी मोबाईल खाली घेतले. त्या म्हणाल्या जे, आईवडिलांनीच ठरवावे, कारण ते चुकत नाहीत. माझ्या बाबांनी ठरविले की पोहावयास जावयाचे नाही, म्हणोन मी आजतागायत एकदाही बुडाले नाही. चित्रकलेचा क्लास नको ऐसे ठरविले, म्हणोन आमच्या भिंती स्वच्छ आहेत. हॉटेलात मी काय खावे हे तेच सांगतात, म्हणोन मला दुसरे काही आवडते की काय हा घोर राहिला नाही. सभा हसली, वकीलसाहेबही हसले, कारण प्रारंभी ती त्यांस स्तुतीच वाटली. मग बाई म्हणाल्या, मी काय बोलणार हेही बाबाच ठरवितात आणि बोलोनही टाकितात, म्हणोन माझ्या तोंडून कधी चुकीचे वाक्य गेले नाही. वाक्यच गेले नाही. येथे कोणी हसले नाही. तेव्हा बाईंनी अखेरचा मुद्दा मांडिला की, आईवडिलांनी एकदा ठरविले की ते कोणी मोडू नये, कोणीच नाही, आणि खाली बसल्या. हात शेवटपर्यंत हलला नाही.

मुख्याध्यापिकांनी पहिला क्रमांक घुमीबाईंस दिला आणि कारण लिहिले की, नऊ मुलांनी भाषण केले, हिने सांगितले. टाळ्यांचा गजर जाहला. तो ओसरण्याआधीच वकीलसाहेबांनी माईक हाती घेतला. स्पर्धेचा नियम असा की व्यासपीठावरून जो बोलेल त्यास तीन मिनिटे, आणि घंटा वाजली की थांबावे, मग तो पाहुणा का असेना. वकीलसाहेबांनी कन्येचे कौतुक केले, त्यात आपल्या संस्कारांचे केले, वक्तृत्व रक्तात असावे लागते हे सांगितले, आणि मग सभेसमोर कन्येकडे वळोन हसत म्हणाले, "तूच आत्ता सिद्ध केलंस ना, सुट्टीचं आईवडिलांनीच ठरवायचं? मग मी ठरवलंय. सोमवारपासून प्रगत शिबिर."

घुमीबाई जागेवरून उठल्या.

"बाबा, तुम्ही ठरवलं होतं की मी जिंकले तर मी ठरवायचं. लिहूनही दिलंत. आईवडिलांनी ठरवलेलं कोणीच मोडायचं नाही, एवढंच तर मी सांगितलं."

मातोश्रींनी पर्स उघडोन कागद काढिला आणि घडी उलगडोन समोर धरिला. वकीलसाहेबांनी आपलीच सही पाहिली. त्यांणी माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "पण त्याचा अर्थ असा की..."

तेव्हा सेवकाने घंटा वाजविली. घड्याळात अडीचच मिनिटे जाहली होती हे येथे कबूल करितो. त्याबद्दल जी सजा होईल ती मान्य.

वकीलसाहेबांनी मान वळवोन दाराकडे पाहिले, मग पुन्हा तोंड उघडिले. तो मातोश्री म्हणाल्या, "वेळ संपली."

नेहमीप्रमाणे दोनच शब्द. वकीलसाहेब मुकाट्याने खाली बसले, आणि सोळा वर्षांत त्यांचे अपुरे राहिलेले हे पहिलेच वाक्य, ते कोणीही पुरे केले नाही.

येणेप्रमाणे घुमीबाईंनी एकही हात न हलविता चार आठवड्यांचा मुलूख सोडविला आणि सोमवारी सकाळी मामांच्या कारखान्यात ठाणे बसविले. शिबिरपतींनी ही फत्ते आपल्या नावे लाविली. फाटकावर नवा फलक लागला, त्यावर घुमीबाईंची तसबीर, आणि तसबिरीत कोणा तरी दुसऱ्या मुलाचा हात चिकटवोन आभाळाकडे बोट दाखविले आहे, क्रमांक नऊ. वकीलसाहेब घरी हल्ली कोणी बोलू लागले की तोंड उघडितात, आणि मातोश्री भिंतीवरील घड्याळाकडे पाहतात, इतकेच.

सुट्टी सरली त्या दिवशी घुमीबाई स्वतः स्टूल उचलोन घेवोन आल्या आणि सभागृहाचे दाराशी ठेविले. म्हणाल्या, काका, तुम्ही पंधरा दिवस उभे होतात. चौथा पाय किंचित आखूड जाहला होता, म्हणोन स्टूल डुगडुगत होते. बाईंनी दप्तरातून प्रथम क्रमांकाचे प्रशस्तिपत्र काढिले, त्याची आठ पदरी घडी केली आणि त्या पायाखाली सारिली. सेवकाचे डोळे भरले, ते कंसात कोणी लिहून दिले नव्हते. त्याच स्टुलावर बसोन ही हकीकत लिहून पुरी केली. आता डुगडुगत नाही.