वीतभर आभाळ

"माणसानं जमिनीवरनं चालावं की. पाय कशाला दिल्यात मग?"

धम्मपाल हे आरशाला सांगत होते, तोंडावर दाढीचा साबण असताना. पण न्हाणीचं दार आणि गॅसची शेगडी यांत अंतर असं नव्हतंच, त्यामुळे भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोनं, क्रांतीबाईंनी, ते नीट ऐकलं.  त्यांनी भाकरी तेवढी उलटली.

तक्रारीचं मूळ कसबा बावड्याच्या चौकात लटकत होतं. मस्कतला नर्स असलेल्या लेकीनं, दीक्षानं, आईबाबांना फिरायला बोलावलं होतं. किल्ला, समुद्रकाठचा बाजार, डॉल्फिन, उंट, असा जय्यत बेत. त्या आनंदात धम्मपालनी चहाच्या गाड्यावर सांगून टाकलं, "उंट-बिंट लेकरांचं काम. आपण पॅराशूट बांधून उडणार. खाली बोट, वर आपण."

झालं. दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींनी फ्लेक्स लावला. गॉगलमधले धम्मपाल, त्यांना गरुडाचे पंख, आणि खाली 'अरबी आभाळाचा वाघ'. पंखवाला वाघ कुणाला खटकला नाही. तो फोटो फिरत फिरत मस्कतला पोचला आणि बाबांची एवढी हौस बघून लेकीनं उडायचं बुकिंगही करून टाकलं.

आता अडचण अशी, की धम्मपाल उंचावर गेले की जरा... असो. गल्लीला ठाऊक होतंच. दर चौदा एप्रिलला घरावर निळा झेंडा लावायला शिडीवर क्रांतीबाई चढत आणि खाली शिडी धरून "जरा डावीकडं" म्हणणारे धम्मपाल असत. शिडी धरावी तर धम्मादानं, असं लोक म्हणत. त्यापुढं कुणी काही म्हणत नसे. माणूस भला होता.

यंदा मात्र कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते राहिलं बाजूला, आणि मित्रांपैकी पिराजीनं उडायचा सराव काढला.

पिराजीचं ट्रॅक्टरचं गॅरेज. छताला इंजिन उचलायची चेनपुली टांगलेली. "धम्मादा, अख्खं इंजिन उचलतीया ही. तुझं काय घिऊन बसलाईस?"

"आज नगं," धम्मपाल म्हणाले. "आज अमावास्या हाय."

"तू कवापासनं अमावास्या पाळाय लागलास?"

 आयुष्यभर गल्लीतल्या अंधश्रद्धा उपटून काढल्याची फळं होती ही. पट्टा कमरेला आवळला गेला. धम्मपालनी गॉगल चढवला, म्हणजे आत डोळे मिटलेत की उघडे, हे कळायला नको. दुसऱ्या मित्रानं, आकारामनं, व्हिडिओ कॉल लावून फोन धरला. पलीकडून दीक्षा बघत होती. लेकीसमोर माघार घ्यायची म्हणजे मरणच की.

पिराजीनं साखळी ओढली. खडखड खडखड. धम्मपालांचे पाय फरशीवरून उचलले गेले, आणि पुली अडकली. पिराजी घामेघूम होऊन ओढतोय, साखळी खडखडतेय, आणि धम्मपाल होते तिथंच.

"किती वर आलो?" गॉगलमागून आवाज आला. फुग्यातली हवा सुटावी तसा.

पिराजीनं खाली बघितलं. आखडून घेतलेल्या पायांचा अंगठा आणि फरशी यांच्यात वीतभर जागा. त्यानं आकारामकडं बघितलं. आकाराम पत्र्याकडं बघू लागला.

"लई," आकाराम म्हणाला. "लई वर हाईस. बास कर आता."

"न्हाय, घ्या आणि वर. भ्यालोय व्हय मी?"

खडखड खडखड.

"बाबा, काय दिसतंय वरनं?" फोनमधून दीक्षा.

"सगळं दिसतंय. पंचगंगा दिसतीया. कारखान्याची चिमणी तर पार खाली ऱ्हायली."

डोक्यावर पत्र्याचं छप्पर. कुणी हसलं नाही. पिराजीनं तर साखळीचा आवाज थोडा वाढवला, बिचाऱ्याला तेवढंच बरं वाटावं म्हणून.

दारात क्रांतीबाई उभ्या होत्या. न्हाणीतली तक्रार ऐकल्यापासून त्यांना घरात चैन नव्हती. त्यांनी नवऱ्याच्या मुठी बघितल्या, पट्ट्यावर आवळून पांढऱ्या पडलेल्या. पुढं होऊन त्यांनी त्याचा पाय हातात धरला.

"अहो, पाय खाली सोडा."

"येडी हाईस व्हय? पडंन की मी."

"सोडा तर. मी हाय खाली."

अंगठा घाबरत घाबरत खाली आला आणि त्याला फरशी लागली. मग टाच. मग दुसरा पाय.  पिराजीनं साखळी सोडली.

"तुम्हाला उंचीचं भ्या वाटतंय," क्रांतीबाई म्हणाल्या, आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशा. "पैल्यापासनं वाटतंय. झेंडा मीच लावते न्हवं? मग समुद्रावरनं बी मीच उडते. तुम्ही खालनं डावीकडं-उजवीकडं सांगा."

गॅरेजमध्ये सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.  फोनमधून दीक्षा हळूच म्हणाली, "बरं बाबा. मग तुमचं उंटावर बसायचं ठरवू?"

धम्मपालनी गॉगल काढला. एक डोळा उघडला.

"उंट बसलेला आसतानाच फोटो काढून उतरता येतंय का, तेवढं इचार, बाळ."