नामाला कामाला लावलं

"अहो, इस्त्री कुठे गेली?"

"शाळेत नेतोय."

"आणि हातोडी?"

"तीपण."

"मग मीच तेवढी राहिले. मलापण घाला पिशवीत!"

इंग्रजीच्या सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांची शिकवण्याची रीतच तशी होती. नाम हे जात्याच आळशी, त्याला कामाला लावलं की क्रियापद होतं, असं ते मुलांना सांगत आणि लगेच करून दाखवत. पाणी बादलीत आहे तोवर 'वॉटर' हे नाम; झाडाला घातलं की तेच क्रियापद. इस्त्री कोपऱ्यात उभी आहे तोवर 'आयर्न' नाम. शर्टावरून फिरली की क्रियापद. आज तर सामानाला तोटा ठेवायचा नव्हता, कारण तपासणीचे साहेब येणार होते आणि सरांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आजच्या तासावर ठरणार होतं.

साहेब म्हणजे भलतं प्रकरण. जन्मभर व्याकरण शिकवून वर चढलेले. नाम ते नाम आणि क्रियापद ते क्रियापद, बाकी सगळे पोरखेळ, हे त्यांचं ठाम मत. वर्गात यायचे, थोडं ऐकायचे, "पुरे!" म्हणायचे आणि उठून चालू लागायचे. मग त्या मास्तराचं काही खरं नसायचं.

साहेबांना यायला वेळ होता, म्हणून सरांनी मुलांसोबत रंगीत तालीम सुरू केली. वॉटर झालं, आयर्न झालं, हॅमर तर सरांच्या अंगठ्यावर झालं. मग आला 'ग्लू'. वर्गातल्या एकुलत्या एका खुर्चीच्या बैठकीची वरची फळी निघाली होती. सरांनी ग्लूच्या डब्यात हात घालून बैठकीला भरपूर ग्लू फासला, डबा उचलला आणि म्हणाले, "आता यावर फळी ठेवायची आणि—"

तेवढ्यात मागच्या दारातून साहेब आत आले आणि थेट खुर्चीत बसले. मुलांनी एकदम तोंडावर हात ठेवले.

"साहेब, ती खुर्ची—"

"खुर्चीचं राहू द्या. माझ्यासाठी तास थांबवायचा नाही."

"पण साहेब, तिच्यावर—"

"चालू द्या म्हटलं ना!"

सरांनी घाम पुसत चालू दिलं. थोड्या वेळाने साहेबांनी "पुरे!" म्हटलं आणि ते उठायला लागले. खुर्चीही उठायला लागली. साहेब परत टेकले. पुन्हा एकदा हळूच करून पाहिलं, पुन्हा तेच.

"म्हणजे... पुरे नाही," साहेब खाकरून म्हणाले. "चालू द्या."

आता सर सांगतील तर नोकरी जाणार आणि साहेब सांगतील तर अब्रू जाणार. दोघांनाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घंटा झाली, गणिताच्या बाई दारात आल्या. "आज यांचंच चालू द्या," साहेब म्हणाले. बाईंनी जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं, मुख्याध्यापिका खिडकीतून डोकावल्या आणि "साहेब हलायलाच तयार नाहीत हो!" म्हणत हरखून गेल्या. वर्गात सरांची पिशवी रिकामी झाली. मग त्यांनी खिशातला कंगवा काढला, टेबलावरची धूळ झटकली, मुलांकडून चिकटपट्टी मागून घेतली. बिचारे जीव तोडून शिकवत होते. आणि नवल म्हणजे साहेब ऐकायला लागले. दुसरं करणार काय?

"हे 'चेअर'चं होतं का हो?" त्यांनी बऱ्याच वेळाने बारीक आवाजात विचारलं.

"होतं की साहेब! सभेत अध्यक्ष बसवला की तो सभा 'चेअर' करतो."

"आणि त्याला उठता येतं?"

"सभा संपली की येतं, साहेब."

शाळा सुटली. मुलं मागे वळून वळून बघत गेली. वर्गात दोघंच उरले.

"सर," साहेब म्हणाले, "तुमचा तास आधी मला पोरखेळ वाटला होता. पण शिकवता तुम्ही झकास. कायम केलं तुम्हाला!" आणि त्यांनी हात पुढे केला.

सरांनी डावा हात दिला.

"शुभ प्रसंगी डावा कशाला? उजवा द्या की!"

सरांचा चेहरा पडला. हातातोंडाशी आलेला घास गेलाच म्हणायचा. त्यांनी पाठीमागे लपवलेला उजवा हात पुढे आणला. हाताला ग्लूचा डबा घट्ट चिकटलेला होता.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे, मग पुन्हा डब्याकडे.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"सांगत होतो, साहेब. तुम्ही चालू द्या म्हणालात."

मग साहेबांचं पोट हलायला लागलं, पोटामागोमाग खुर्ची हलायला लागली, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"केलेलं कायम काही मागे घेत नाही," डोळे पुसत ते म्हणाले. "जन्मभर मी 'ग्लू' हे नाम म्हणून शिकवलं हो! आज क्रियापद पुरतं अंगाला लागलं. आता एवढंच सांगा मास्तर, याचं परत नाम कसं करायचं?"