तिसाकाठचा निर्दोष बांध

ज्या साम्राज्याच्या नकाशात भगदाड नाही, त्याच्या बांधातही ते नसतं, हे लष्करी भूमापनाचं मूलतत्त्व आहे. कॅप्टन विट्टमान ते पाठ करूनच व्हिएन्नाहून तिसा नदीकाठी आला होता.

केरेकहात गावचा बांधराख्या आंब्रुश मात्र इतका शिकलेला नव्हता. त्याच्या घरामागे चाळीस पावलं बांध उंदरांनी पोखरला होता. दुरुस्ती व्हायची तर जागा नकाशावर लाल शाईने दाखवलेली हवी, असा नियम. म्हणून आंब्रुशने सहा आठवडे कॅप्टनची मोजणीची साखळी ओढली, त्याला लाल मिरचीचं माशांचं कालवण खाऊ घातलं. कॅप्टनने काठावरची ६१२ झाडं नोंदवली (एक मंगळवारी पडलं, पण सोमवारी उभं होतं, म्हणून धरलं). लाल शाईची दौत काही उघडली नाही. कमजोर जागा दाखवली तर शत्रूला कळेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

आंब्रुशचा धीर सुटला. "साहेब, शत्रू रोज बांधाला नाक लावून उभा असतो. भोकं त्याने कधीच मोजलीत. राहिलात तुम्ही."

कॅप्टनने यावर दोन दिवस प्रामाणिकपणे विचार केला आणि अहवालात लिहिलं: नदी हीच शत्रू आहे, सबब हा नकाशा नदीच्या नजरेस पडू नये. नकाशा व्हिएन्नात तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटात गेला.

"त्या मेल्याला कालवण वाढलंत, तेवढ्यात चार टोपल्या माती टाकून झाली असती," आंब्रुशची बायको तेर्का म्हणाली. तो टोपली घेऊन गेलाही. पण पहाऱ्यावरच्या शिपायाने त्याला परत पाठवलं. नकाशात धडधाकट असलेल्या बांधावर माती टाकणं म्हणजे नकाशा खोटा पाडणं.

मार्चमध्ये तिसा आली, ती नेमकी त्या चाळीस पावलांतून. गाव छपरांवर जाऊन बसलं. आंब्रुशच्या बापाने बांधलेलं मातीचं घर त्याच्या डोळ्यांदेखत विरघळलं, आणि तो लोकांसमोर ढसाढसा रडला.

चौकशी झाली. बांध नकाशात शाबूत असल्याने हे पाणी नदीचं नसावं, असा निष्कर्ष निघाला. नकाशाला थेंबही लागला नव्हता, याबद्दल कॅप्टनला बढती मिळाली.

तो नकाशा आता संग्रहालयात काचेमागे आहे. हिरव्या रंगाच्या चौदा छटा खरोखर पाहण्यासारख्या आहेत. तुमच्याही गावाचा असा एखादा नकाशा असेलच. त्यात आपलं घर सुरक्षित बाजूला सापडलं, की तुम्ही समाधानाने चहा मागवाल. बांध बघायला तुम्हीही जाणार नाही.