काय पेरलास, रं?

आमच्या कोलशेत गावात शेताजवळून जावं आणि धर्माकाकांच्या तावडीतून सुटावं, हे शक्य नाही. ‘काय पेरलास, रं?’ हा त्यांचा एकच सवाल. उत्तर पाठ असतं, तरी विचारतात. माझा बांध त्यांच्या बांधाला लागून. मला सकाळी विचारतात, संध्याकाळी पुन्हा विचारतात, जसं काही दुपारी मी सगळं भात उपटून वांगी लावली असतील! एकदा तर घोडबंदरच्या रस्त्याने निघालेल्या मामलेदारांचं घोडं अडवलं. मामलेदार म्हणाले, “मी पेरत नाही, सारा घेतो.” काका हिरमुसून परत आले.

तरी गाव त्यांना सगळं माफ करतं. मागे एकदा करपा पडला. पानांवर डाग येऊन शेतंच्या शेतं वाळली. काकांच्या शेतात एकच रोप हिरवं राहिलं, तेही तांबूस कुसळांचं, वेगळंच. बियाणं बिघडू नये म्हणून असं रोप आपण उपटून टाकतो. काकांनी हात घातलाही, पण काकू ओरडल्या, “ऱ्हाऊ द्या! सगली मेली, ही एकटी तगली. तिला नका मारू.”

त्याच साली काकू तापाने गेल्या. पोटी मूल नव्हतं.

काकांनी त्या रोपाचं बी वेगळं पेरलं. काही रोपं आईवर गेली, काही नाही. करपा पुन्हा आला, तेव्हा आईवर गेलेली तेवढी उभी राहिली. त्यांचंच बी धरत काकांची कणगी भरली. आमची शेतं मात्र दर खेपेला करपत होती. आम्ही बी मागायला गेलो, तर काका कणगीला पाठ लावून बसले. “नाय देनार.”

माझी आई म्हणाली, “धर्मा, तिनं येक रोप वाचवला, तू गाव वाचव.”

काकांनी कणगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “देतो. पन भाताला नाव तिचा द्यायचा.”

“बरं, सांगा नाव,” मी म्हणालो. काका लाजून खाली बघू लागले. बायकोचं नाव घ्यायची आपल्यात रीत नाही. ‘अगो, ऐकतेस का’ एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झालेला. शेवटी नाव आईनेच घेतलं, तेव्हा कणगी उघडली.

आता सगळं गाव तेच भात पेरतं. काल संध्याकाळी मी पायांचा चिखल धूत होतो, तर काका बांधावर हजर.

“काय पेरलास, रं?”

“सखू.”

“मोठ्यानं सांग. वारा हाय.”

वारा कुठला! पान हलत नव्हतं. मी तोंडाशी हात धरले आणि पार खाडीपर्यंत जाईल अशी हाक दिली, “सखूऽऽ!”

काकांनी मान वळवून वाटेकडे पाहिलं.