राणीचं डोहाळजेवण

प्रिय मीना आणि अजय,

डॉक्टरांनी तुमच्या कुत्रीचं ऑपरेशन करून घ्यायला सांगितलंय आणि ‘बिचारीला पिल्लंच होणार नाहीत’ म्हणून मीना दोन दिवस रडते आहे, असं तुमच्या आईने कळवलं. म्हणून आज तुम्हाला सावंतांबद्दल लिहिते.

मुलुंडला आमच्या शेजारच्या खोलीत सावंत एकटेच राहायचे. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. घरात खुर्ची एकच, आणि तिच्यावर राणी बसायची. राणी म्हणजे त्यांची तांबडी कुत्री. पाहुण्याला चटई मिळे. “खुर्ची चेडवाची,” सावंत सांगत. चेडू म्हणजे मुलगी. कुणी तिला कुत्री म्हटलं की विचारत, “मी तुका ‘ए माणसा’ म्हणान हाक मारतंय काय?” बांगड्याचा मधला तुकडा तिचा, डोकं यांचं.

गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना दोनदा बजावलं होतं, “गर्भाशय काढून टाका, नाहीतर पुढे त्यात पू होतो. जिवावर बेततं.” मीही सांगून पाहिलं.

“वयनी, एकदा तरी आवस होऊंदे तिका. मगे बघूया.” आवस म्हणजे आई.

पण गल्लीतला एकही कुत्रा त्यांना जावई म्हणून पसंत पडेना. एकाला शेपूट नाही, दुसरा खाटकाच्या दारात लोळतो. “घराणा बघूक नको?” असं ‘मगे बघूया’ करता करता राणी आठ वर्षांची झाली.

त्या वर्षी तिचा माज येऊन गेला आणि दीडेक महिन्यात तिचं पोट वाढलं. ती पातेलंभर पाणी पिऊ लागली, अन्नाला तोंड लावेना. सावंत गल्लीभर सांगत सुटले, “डोहाळे लागलेत! जावई कोण ता माका म्हायत नाय, पण असांदे!”

त्यांनी चक्क डोहाळजेवण केलं. राणीच्या पाठीवर हिरवा खण, गळ्यात अबोलीची वेणी. चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने दोन वाट्या झाकून पुढे ठेवल्या. “सांग गं राणी, पेढा की बर्फी?” राणीने दोन्हींकडून तोंड फिरवलं. “लाजली गं बाई!” पुन्हा हशा.

मी तिला कुंकू लावलं. अंग भट्टीसारखं तापलं होतं. डॉक्टरांचं बोलणं मला आठवायला हवं होतं. मी हसले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं. “सावंत, पिल्लं नाहीत. सगळा पू आहे.” त्यांनी लगेच ऑपरेशन केलं, पण विष अंगभर भिनलं होतं. राणी टेबलावरच गेली.

मी भेटायला गेले तेव्हा सावंत चटईवर बसून त्या खणाची घडी घालत होते. मोडत होते, पुन्हा घालत होते.

“वयनी, आमच्या मंडळीक लोकांनी वीस वर्सा वांझ म्हणान हिणवल्यानी. त्याच दुख्खात ती गेली. हिका तरी कोणी तसा म्हणूक नको, म्हणान मी थांबलंय.”



पुढे गल्लीतली प्रत्येक मादी ते गोणपाटात गुंडाळून डॉक्टरांकडे नेऊ लागले. बायका म्हणत, “म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.”  ते आता विनोद करत नसत.

मीना, रडून झालं की डॉक्टरांकडे जा.

सावंत जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी नेलेल्यांपैकी एक पांढरी कुत्री, दात पडलेली, अजून आमच्या जिन्याखाली झोपते.

तुमची आजी