कळवतो म्हणणारी फायरवॉल

एका जंगलात, बाळांनो, उन्हाळ्यात पाणी आटायचं, पण सल्ले बारमाही वाहायचे. तिथे एका मोठ्या बिळात साळिंदरांचं कुटुंब राहायचं.

बिळाच्या तोंडाशी भिवाआजोबांनी फायरवॉल बसवली होती. म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी. आजोबा तिला रोज हळदकुंकू वाहायचे. ती नक्की करते काय, असं विचारलं की डाफरायचे.

त्यांची नात टोची. शाळा हिने सोडली की शाळेने हिला, यावर घरात एकमत नव्हतं. काकांनी भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर तिने उचलले, त्यांत विंडोजच्या जागी फुकटात मिळणारं, पेंग्विनच्या चित्राचं लिनक्स घातलं, आणि ते हरणासारखे पळायला लागले.

मग तिची मुलाखत ठरली. पलीकडच्या जंगलातल्या मधमाश्यांच्या कंपनीत, इंटरनेटवरून, दुपारी. आणि सकाळी पहिल्यांदाच जोडून पाहते तर तिच्या दोन्ही कॉम्प्युटरांना इंटरनेट नाही. बाकी घरात सगळ्यांना आहे.

"फुकटचं घातलंस ना? भोग आता," काका म्हणाले.

"बंद करून चालू कर," काकू म्हणाली.

"केलं."

"मग चालू करून बंद कर."

टोचीने कॉम्प्युटरवरून आधी दाराला, म्हणजे फायरवॉलला, हाक मारून पाहिली. दाराने लगेच ओ दिली. म्हणजे वायर ठीक, कॉम्प्युटरही ठीक. मग दारापलीकडे हाक मारली. काही नाही. साधं 'नाही'सुद्धा नाही. नुसती शांतता.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. आत्याला स्थळ आलं आणि आजोबांना पसंत नसलं, तरी ते नाही म्हणायचे नाहीत. "कळवतो," म्हणायचे. ते पाहुणे अजून वाट बघताहेत. आत्यासुद्धा.

"आजोबा, दाराला काय सांगून ठेवलंय तुम्ही?"

"अनोळखी कोणी दिसलं तर नाही म्हणू नकोस, वाईट दिसतं. गप्प बस. कंटाळून जातात आपोआप."

"माझे कॉम्प्युटर अनोळखी?"

"त्यांच्यावर तो काळा-पांढरा पक्षी असतो. पेंग्विन का कोण. आपल्या जंगलात पाहिलायस कधी?"

"आजोबा, दुपारी मुलाखत आहे. सोडायला सांगा ना दाराला."

आजोबांनी डोळे मिटले. "कळवतो."

टोचीने वाद घातला नाही. साळिंदराला नखं काय नुसती कापायला असतात? तिने बिळाची मागची भिंत उकरली. पलीकडे घोरपडमावशीचं बीळ.

"मावशी, तुमचं वायफाय वापरू?"

"वापर की गं. माती तेवढी झाडून जा."

भोकातून वायफाय भसकन आत आलं. मुलाखत झाली. नोकरी लागली.

"आमच्या घरात शिस्त आहे, म्हणून पोरगी मार्गाला लागली," आजोबा जंगलभर सांगत सुटले.

खूश होऊन काकांनी आजोबांना नवाकोरा फोन घेऊन दिला. दाराने तो कधी पाहिलेला नव्हता. दार गप्प बसलं. आजोबांनी दटावलं, हळदकुंकू वाहिलं. दार गप्पच. त्याला सांगितलेलं बदलायचं कसं, ते आजोबांना आठवेना, आणि टोचीला विचारायला तोंड उघडेना.

संध्याकाळी टोची पाहते तर आजोबा मागच्या भोकाशी पाय पसरून, फोनवर कीर्तन लावून बसलेले.

"आजोबा, इथे?"

"हवा छान येते गं इथे."

तात्पर्य: वडीलधाऱ्यांचा शब्द कधी मोडू नये. मागून भोक पाडावं. शब्द शाबूत राहतो, आणि पुढेमागे वडीलधाऱ्यांनाही हवा मिळते.